दहा राग, एक तबकडी आणि आजीचा रिषभ

यंदाच्या गॅदरिंगच्या क्विझमध्ये आमची टीम दोन मार्कांनी हरली आणि ते दोन मार्क मी घालवले, हे लेडीज हॉस्टेलमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. प्रश्न होता, ‘अ‍ॅसिड हाऊस’ हा नाचाच्या संगीताचा प्रकार कुठल्या शहरात जन्मला? मी बझर दाबून ‘शिकागो’ म्हटलं. क्विझमास्तर गालात हसला आणि म्हणाला, ‘मुंबई!’ हॉलमध्ये शिट्ट्या. मी उभी राहून वाद घालायला लागले, तर मागून कुणीतरी ओरडलं, ‘अगं, भारताच्या बाजूने बोल की!’

तर मित्रांनो, मी भारताच्याच बाजूने बोलतेय. त्या दिवशी बोलू दिलं नाही म्हणून आता लिहून बोलते. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी विभागाच्या संपादकांनी माझ्या ऱ्हस्व-दीर्घांवर बरीच मेहनत घेतली आहे. त्यातूनही काही उरलं असेल तर ते माझं.)

ज्या रेकॉर्डमुळे हा घोळ झाला तिची गोष्ट आधी सांगते. चरणजित सिंग हे मुंबईच्या सिनेमासंगीतातले वादक. जन्म १९४०चा. बेस गिटार, गिटार, ट्रान्सिकॉर्ड, पुढे सिंथेसायझर, जे समोर येईल ते वाजवणारे. शंकर-जयकिशन, एस. डी. आणि आर. डी. बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशा संगीतकारांच्या वाद्यवृंदात त्यांनी वर्षानुवर्षं वाजवलं. म्हणजे आपण त्यांना ऐकलेलं असतं, फक्त नाव माहीत नसतं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला सिंगापूरहून त्यांनी रोलंड या जपानी कंपनीची नवी यंत्रं आणली. ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालाचं यंत्र आणि टीबी-३०३ ही बेसची छोटीशी पेटी. १९८२ साली या तिघांना एकत्र जोडून त्यांनी दहा राग वाजवले, आणि एचएमव्हीने त्याची एलपी काढली. नाव ‘सिंथेसाइझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’. रेडिओवर थोडी वाजली म्हणतात. विकली मात्र गेली नाही. मग गायब.

वीस वर्षांनी, २००२ साली, एदो बाउमन नावाच्या एका डच संग्राहकाला ती दिल्लीत जुन्या रेकॉर्डच्या ढिगात मिळाली. त्याने मुंबईत येऊन चरणजितजींना शोधलं आणि २०१० साली ‘बॉम्बे कनेक्शन’ या आपल्या लेबलवर ती पुन्हा छापली. तिकडची मंडळी थक्क झाली, कारण हीच ३०३ पेटी वापरून शिकागोच्या ‘फ्यूचर’ या तिघांच्या गटाने १९८७ साली ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ काढला होता आणि अ‍ॅसिड हाऊसची सुरुवात तिथून धरतात. मुंबईची रेकॉर्ड त्याच्या पाच वर्षं आधीची, आणि आवाज तसाच! काहींना तर हा बनाव वाटला. आजच्याच कुणा खोडकर संगीतकाराने जुनं कव्हर चिकटवून टोपी घातली असणार, अशी अफवा होती. मग लेख आले, आणि सत्तरी ओलांडलेले चरणजितजी युरोपात ती यंत्रं घेऊन कार्यक्रमही करून आले. २०१५ साली ते गेले.

क्विझमास्तरला एवढंच माहीत होतं. आणि एवढं माहीत असलं की माणूस ती रेकॉर्ड ऐकत नाही, हे माझं म्हणणं आहे.

‘आम्ही पहिले’ हे वाक्य फार आळशी आहे. शिकागोच्या त्या पोरांनी ही तबकडी ऐकलेली नव्हती. त्यांनी जुन्या बाजारातली पेटी घेतली, पॅटर्न चालू असताना तिची बटणं पिळायला सुरुवात केली, आणि त्यातून जो चिरकणारा, वळवळणारा आवाज निघाला त्याच्यावर आख्खं संगीत उभं केलं. तो शोध त्यांचाच. मुंबईतून तिकडे काही गेलं नाही आणि मुंबईतही त्यापुढे काही उगवलं नाही. ज्या झाडाला फांदीच फुटली नाही त्याला ‘वंशाचं मूळ’ कसं म्हणायचं? शिवाय १९८२-८३मध्ये ३०३ वापरणारे दुसरेही होते, स्कॉटलंडचा ‘ऑरेंज ज्यूस’ हा बँड घ्या. यंत्र बाजारात आलं की कुणीतरी ते वापरणारच. ट्रॉफी मागायची तर कुणाकुणाशी भांडणार?

मग या रेकॉर्डमध्ये आहे काय? माझ्या मते ती एका इंजिनीअरिंगच्या प्रॉब्लेमचं अर्धं सुटलेलं उत्तर आहे. आणि अर्धं सुटलेलं उत्तर किती मोलाचं असतं, हे एम-थ्री दिलेल्यांना सांगायला नको.

१९८२ हे डिस्कोच्या लाटेचं वर्ष. १९८०चा ‘कुर्बानी’ गाजून गेलेला, ‘डिस्को डान्सर’ त्याच साली आलेला. चरणजितजींनीच पुढे मुलाखतीत सांगितलं होतं की सिनेमात सगळीकडे डिस्को चालू होतं, तेव्हा त्याच ठेक्यावर वेगळं काही करावं, राग वाजवावेत आणि तबला बंद ठेवावा, असं त्यांच्या मनात आलं. तबला बंद! या छोट्या गोष्टीवर मी बराच विचार केलाय. आपल्याकडे ‘फ्यूजन’ म्हटलं की काय होतं? (कॉलेज फेस्टमध्ये दरवर्षी होतं ते आठवा.) गिटार असते, कीबोर्ड असतो, ड्रम्स असतात आणि ‘इंडियन टच’ म्हणून वर तबला टाकतात. म्हणजे सगळी बेरीज. या माणसाने वजाबाकी केली. रागातून तबला काढला. आणि डिस्कोतून कॉर्ड्स जवळजवळ काढून टाकल्या, गायिका काढली, व्हायोलिनचा ताफा काढला. उरलं काय? खाली एकसारखा ठोका, मध्ये गोल गोल फिरणारा बेस, वर एकट्या रागाची सुरावट. तंबोऱ्याच्या जागी बेसची पेटी आली, एवढंच. पहिल्या रागात, भैरवात, व्होकोडरमधून यंत्राच्या घशाने ‘ॐ नमः शिवाय’ येतं, ते ऐकून मला पहिल्यांदा हसू आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण तो सोडला तर या रेकॉर्डमध्ये गंमत करून दाखवण्याचा भाव नाही. माणूस गंभीरपणे काम करतोय.

आता ३०३बद्दल थोडं, ईएनटीसीवाल्यांसाठी. ही पेटी खरं तर गिटारवाल्याला घरी एकट्याने सराव करता यावा म्हणून केलेली, नकली बेसिस्ट. नकलेत ती सपशेल नापास झाली. आवाज बेस गिटारसारखा नव्हताच, आणि प्रोग्रॅमिंग असं की सूर वेगळे भरायचे, त्यांची वेळ वेगळी भरायची. १९८४ साली कंपनीने बनवणं बंद केलं. पण तिच्यात एक सोय होती. पॅटर्नच्या सोळा घरांपैकी प्रत्येक घराला ‘स्लाइड’ लावता येते. स्लाइड लावली की एक सूर तुटून दुसरा सुरू होत नाही, पहिला घसरत दुसऱ्यावर जातो. आत एक कपॅसिटर चार्ज होतो, त्याचा तो वक्र आपल्याला ऐकू येतो. आता सुरांमधून घसरत जाण्याला आपल्याकडे काय म्हणतात? मींड! हे कळलं तेव्हा मी मेसमधल्या टेबलावर हात आपटला होता. आणि सोळा घरं म्हणजे सोळा मात्रा, तीनताल!

हा दुसरा शोध मात्र दहा मिनिटांत पडला. मिनिटाला १२० ठोके धरले तर यंत्राची सोळा घरं दोन सेकंदांत संपतात. तीनतालाचं आवर्तन म्हणजे केवढा प्रवास. त्यात खाली असते, सम असते, सम येणार म्हणून वाट बघणं असतं. इथे प्रत्येक ठोका दुसऱ्याचा जुळा भाऊ. आणि पहिला शोधही लंगडाच निघाला, पण तो लंगडा आहे हे मला कळलं नाही, आजीला कळलं.

माझी आजी मिरजेला असते. मिरज म्हणजे तंबोऱ्यांचं गाव, आणि आजीने तरुणपणी गाणं शिकलेलं. दिवाळीच्या सुट्टीत मी तिला फोनवर भैरव लावून दिला. व्होकोडर आला तेव्हा ती काही बोलली नाही. ठेका सुरू झाला तेव्हा बोटाने मांडीवर मोजायला लागली. मग दहा-पंधरा सेकंदांत म्हणाली, ‘याचा रिषभ खांबासारखा उभा आहे गं.’

मी म्हटलं, ‘म्हणजे?’

‘अगं, भैरवाचा रिषभ डोलतो. धैवत डोलतो. ते डोललं नाही तर भैरव कसला? नुसती वस्ती आहे, घरात माणूस नाही.’

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. सूर बरोबर होता की! कोमल रे म्हणजे सा-च्या शेजारची काळी पट्टी, शाळेच्या पियानोवर मी ती हजार वेळा दाबलीय. मग आजीने फोन बाजूला ठेवायला लावला आणि स्वतः सा धरला. त्याच्यावरून तिचा रिषभ वर येईना, खाली जाईना, मध्येच हेलकावे घेत राहिला. वय झाल्यामुळे आवाज फाटतो तिचा. पण तो रिषभ कुठल्याच पट्टीवर बसत नव्हता, हे मलासुद्धा कळलं.

हॉस्टेलवर परत आल्यावर मी गणित मांडलं. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर कीबोर्डवर प्रत्येक पट्टी शंभरावर. कोमल रे १००, शुद्ध ग ४००, शुद्ध ध ९००. तंबोऱ्याशी जुळलेला शुद्ध ग ५:४ या गुणोत्तराने येतो, म्हणजे ३८६ सेंट. ध ५:३ने, म्हणजे ८८४. चौदा-सोळा सेंटची तफावत! आणि भैरवाचा रिषभ तर एका आकड्यावर थांबतच नाही. ज्युपिटर-८च्या आवाजाला कितीही घसरवा, तो ज्या पट्टीवर पोचतो ती शंभराच्या पाढ्यातलीच. ३०३ची स्लाइडही ठरावीक वेळातच घसरते, गवयासारखी मध्ये रेंगाळत नाही.

हा प्रॉब्लेम काही १९८२चा नाही, आणि गंमत म्हणजे आजीच्या गावाला लागूनच तो शंभरेक वर्षांपूर्वी सोडवायला घेतला होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त सरकारी अधिकारी. त्यांनी मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या सुरांवरून श्रुती मोजल्या आणि १९१०मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक काढलं. पुढे क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या साथीने श्रुतींची खास हार्मोनियमही झाली. ती काही घराघरांत पोचली नाही. साधी पेटी पोचली. तिच्यावर आकाशवाणीने १९४०मध्ये बंदीच घातली होती, ती १९७१पर्यंत चालली, आणि बंदीमागचं एक कारण हेच की पेटीला मींड येत नाही आणि श्रुती येत नाहीत. आता बघा, ज्या महाराष्ट्रात नाट्यसंगीत ऑर्गनवर आणि पेटीवर उभं राहिलं, गोविंदराव टेंब्यांसारखे पेटीवाले झाले, तिथे आपण कुठल्या तोंडाने म्हणणार की पट्ट्यांवर राग वाजूच शकत नाही? पट्टी खोटी आहे हे माहीत असून तिच्यातून राग काढायचा, ही कसरत आपल्याकडे चांगली शतकभर चालू आहे. चरणजित सिंग मला त्या रांगेत उभे दिसतात. शिकागोच्या रांगेत नाही.

आणि रांगेत उभं केलं की मार्कही द्यावे लागतात. तर माझे मार्क असे (आजीचे वेगळे आहेत). भैरव आणि तोडी नापास, कारण त्यांचा जीव कोमल सुरांच्या हलण्यात आहे. यमन बरा, पण घाईत. ललतमध्ये दोन्ही मध्यम एकापाठोपाठ येतात, ते या यंत्रावर इतके लख्ख ऐकू येतात की माझ्यासारख्या अडाण्याला ललत पहिल्यांदा ओळखता आला. पाच सुरांचे राग मात्र फर्स्ट क्लास. कलावती, मालकंस, बैरागी. सुरांमध्ये मोठी अंतरं आहेत, त्यामुळे उड्या मारायला जागा आहे आणि यंत्राला उड्या छान जमतात. कलावती तर अशी पळते की आजीसुद्धा म्हणाली, ‘हा मात्र वात्रट आहे!’ तिच्या तोंडून ही स्तुती असते.

एक गोष्ट कुठल्या लेखात वाचली नाही, म्हणून सांगते. दुसऱ्या बाजूचा क्रम बघा. मेघ मल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. मल्हार ऋतूचा राग, तो सोडा. पुढे यमन संध्याकाळचा, कलावती रात्रीचा, मालकंस मध्यरात्रीनंतरचा, बैरागी सकाळचा. म्हणजे पंचवीसेक मिनिटांत एक आख्खी रात्र सरते! हे मुद्दाम केलं असेल का? पहिल्या बाजूवर भैरव, ललत, तोडी असे सकाळचे राग, शेवटी दुपारनंतरची मधुवंती, आणि मधेच तिसऱ्या नंबरला रात्रीचा भूप घुसलाय. मी आजीला विचारलं. ती म्हणाली, भूपाचेच पाच सूर घेऊन सकाळी देसकार गातात, फरक फक्त कुठल्या सुरावर थांबायचं याचा. भूपात गंधारावर, देसकारात धैवतावर. मग मी तो ट्रॅक चार वेळा ऐकला, ते बोट कुठे थांबतंय हे बघायला. यंत्र थांबतच नाही. खालचा ठोका थांबूच देत नाही. भूप की देसकार, हे ठरवायला जो एक श्वास लागतो तेवढा श्वास त्या डिस्को बीटमध्ये नाही. कव्हरवर ‘भूपाली’ लिहिलंय म्हणून तो भूप.

मला वाटतं ही रेकॉर्ड जिथे फसते तिथेच ती सगळ्यात जास्त शिकवते. निदान मला तरी शिकवलं. मी सहावीत पेटीचा क्लास सोडला, कारण शाळेच्या क्वायरमध्ये पियानोवर गायचं होतं आणि पेटी म्हणजे ‘घाटी’ असं आमच्या वर्गात ठरलेलं. आई काही बोलली नाही. पेटी माळ्यावर गेली. तेव्हापासून माझा कान शंभराच्या पाढ्यातला. थेट मोठी मैफल लावली तर दोन मिनिटांत माझं लक्ष उडतं. या रेकॉर्डमध्ये ओळखीचा ठेका होता, ओळखीच्या पट्ट्या होत्या, म्हणून मी आत शिरले, आणि आत गेल्यावर कळलं की इथे काहीतरी नाहीये. काय नाहीये ते आजीने गाऊन दाखवलं. शिकागोची ट्रॉफी मिळाली असती तर मी आजीपर्यंत गेलेच नसते.

दुकानदाराने १९८२मध्ये ही एलपी कुठल्या खणात ठेवली असेल, याचा मी कधी कधी विचार करते. शास्त्रीयच्या खणात बघणाऱ्याने ‘डिस्को’ वाचून परत ठेवली असणार. डिस्कोवाल्याने उलटून ‘राग तोडी’ वाचलं असणार. मूळ तबकडी मी अजून हातात धरलेली नाही. कुणाच्या घरी, काकांच्या कपाटात, चौकोनी एचएमव्हीच्या कव्हरांत सापडली तर कृपया रूम नंबर २१४ला कळवावं. विकत घेणार नाही (मेसचं बिल बाकी आहे), फक्त बघून परत देईन.

पीएलमध्ये रात्री आमच्या मजल्यावर दुसरी बाजू चालू असते. बैरागी संपेपर्यंत एक युनिट होतं, असा हिशेब बसलाय. क्विझमास्तरही परवा रेकॉर्डचं नाव लिहून घेऊन गेला, त्याला म्हटलं मालकंसापासून सुरू कर. आणि मागच्या रविवारी मिरजेहून फोन होता. आजीने तब्येतीचं, अभ्यासाचं विचारलं, आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, ‘येताना तो वात्रट कलावती घेऊन ये. आणि माळ्यावरची पेटी काढून ठेवायला सांगितलीय मी तुझ्या आईला.’